इंटरनेट आर्काइव्ह: फेकून द्यायच्या कॅसेटींचे जतन

जुनी संकेतस्थळे दाखवणाऱ्या ‘वेबॅक मशीन’मुळे इंटरनेट आर्काइव्ह हे नाव बऱ्याच जणांच्या कानावर असते, परंतु ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालयाची खरी गंमत अनुभवायची असेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणांच्या विभागात शिरावे. तेथे ‘अटेन्शन के-मार्ट शॉपर्स’ नावाचा एक विलक्षण संग्रह आहे.

के-मार्ट ही अमेरिकेतील दुकानांची मोठी साखळी होती. दुकानात दिवसभर वाजवण्यासाठी तिच्या शाखांना संगीताच्या कॅसेटी येत असत आणि नवी कॅसेट आली की जुनी टाकून द्यायची, असा शिरस्ता होता. इलिनॉय राज्यातील एका कर्मचाऱ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे त्या टाकून न देता जपल्या आणि २०१५ साली या संग्रहात सर्वांसाठी खुल्या केल्या. सुरुवातीच्या कॅसेटींत कोणाचेही लक्ष वेधणार नाही असे बेताचे वाद्यसंगीत आहे, पुढच्या कॅसेटींत त्या काळची लोकप्रिय गाणी येतात, आणि मधूनच एक अतिशय प्रसन्न आवाज ग्राहकांना दुकानातल्या मालाची महती सांगू लागतो. साखळीच्या तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त १ मार्च १९९२ रोजी वाजवलेली कॅसेटही यात आहे. सतत वाजून फिती झिजल्याचे ऐकताना जाणवते. मला मात्र संगीतापेक्षा त्या घोषणाच अधिक रंजक वाटल्या, कारण गाणी अन्यत्र मिळतील, पण असला मजकूर मुद्दाम जपून ठेवण्याचे कोणाच्या मनात येणार?

खेळांचा विभागही उत्तम आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’सारखे डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळातले खेळ काहीही उतरवून न घेता थेट ब्राउझरमध्ये खेळता येतात; अर्थात, मोबाइलपेक्षा कळफलक असलेला संगणकच त्यासाठी सोयीचा.

शोधयंत्रणा मात्र या सेवेची उणी बाजू आहे. येथल्या प्रत्येक गोष्टीचे नाव आणि वर्णन बहुधा ती अपलोड करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या भारतीय पुस्तके स्कॅन करण्याच्या प्रकल्पातून आलेली अनेक जुनी मराठी पुस्तके येथे आहेत, परंतु त्यांची नावे बहुधा रोमन लिपीत, तीही वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलेली असल्यामुळे देवनागरीत शोधणाऱ्याची निराशा होते; दोन-तीन प्रकारे स्पेलिंग बदलून पाहण्याची चिकाटी हवी.

ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्यानंतर ही सेवा काही दिवस बंद होती. त्यामुळे एखादी गोष्ट विशेष आवडली आणि उतरवून घेण्याची मुभा असली, तर तिच्या पानावरील डाउनलोडचा पर्याय लगेच वापरावा.