मेसोथेरपीच्या नावाखाली आम्हा मायलेकींना काय टोचलं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. मेसोथेरपी म्हणजे बारीक सुईने कातडीत थोडं-थोडं औषध सोडणं. त्या नावाखाली ज्या सेंटरने आम्हाला इंजेक्शनं दिली, त्याचं प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव इथं लिहीत नाही. पण त्यांची बोलायची रीत आणि पैसे काढायची पद्धत सविस्तर सांगते. अशीच हकीकत मला बीड आणि परभणीकडच्या ओळखीच्या बायकांकडूनही ऐकायला मिळाली आहे.

आईचं वय ६८. बारा वर्षांपासून शुगर, आणि दोन्ही गुडघे गेलेले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं होतं की सांध्यातली गादी झिजली आहे, आज ना उद्या सांधा बदलावा लागेल. ऑपरेशनचं नाव काढलं की आई जेवायची थांबायची. अशात भावजयीच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. ‘चीरफाड नाही, भरती व्हायचं नाही, फ्रान्सची मेसोथेरपी, गुडघेदुखी आणि चेहऱ्यावरच्या डागांवर एकच उपाय.’ पहिली तपासणी मोफत.

दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन गेले. दुसरा मजला, एसी, काचेचं दार, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. आत बोलावलं ते डॉक्टरांनी नव्हे, काउन्सेलर म्हणवणाऱ्या एका मुलीने. ती फार गोड बोलली. आईला ‘आजी, आता तुम्ही पंढरीला चालत जाल’ म्हणाली. मग माझ्या गालांकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, वांग किती वर्षांपासून आहे?’ मी रोज बावीस किलोमीटर स्कूटीवर जाते-येते, उन्हाने दोन्ही गालांवर वांग पसरलेलं. त्याचा विषय मी घरातसुद्धा काढत नाही. तिने तो बरोबर काढला.

आईच्या गुडघ्यांचं दहा वेळचं पॅकेज २८,००० रुपये, माझ्या चेहऱ्याचं सहा वेळचं १८,०००. आजच सगळे भरले तर पहिला डोस लगेच. आईच्या खात्यात नुकतेच सोयाबीनचे पैसे जमा झाले होते, आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, अजून तिच्या पिशवीतच होती. ४६,००० म्हणजे त्या भावाने जवळपास अकरा क्विंटल सोयाबीन. मी विचार करून येते म्हणाले. ती म्हणाली, ‘आज एकच डोस घेऊन बघा ना, फरक वाटला तरच बाकीचे भरा.’

आणि फरक पडला. तिसऱ्या दिवशी आई काठी न घेता देवळात जाऊन आली. ‘मला लई बरं वाटायलंय गं, टोचून का होईना, गुडघा थांबला बग,’ असं म्हणत तिने शेजारणीला उठून-बसून दाखवलं. वर्षभरानंतर तिला मी अशी हसताना बघत होते. त्याच आठवड्यात मी सगळे पैसे भरले.

आता इथं थांबून तो पहिला दिवस सांगते, कारण मी सगळं डोळ्यांनी बघत होते. ट्रेमध्ये पाच-सहा सिरिंज आधीच भरून ठेवलेल्या होत्या. बाजूला एक काचेची बाटली, तिचं लेबल खरवडलेलं, डिंकाचा पांढरा चट्टा तेवढा राहिलेला. मी विचारलं, यात काय आहे? पांढरा कोट घातलेला माणूस म्हणाला, ‘कॉकटेल आहे. व्हिटॅमिन असतात, फ्रेंच फॉर्म्युला आहे, नाव सांगून तुम्हाला कळणार नाही.’ आई म्हणाली होती, ‘काय टोचायलेत ते नीट इचार की.’ मी परत विचारलं नाही. आईच्या गुडघ्यात जी सुई गेली ती माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढी होती. माझ्या गालांना मात्र पिस्तुलासारखं एक यंत्र लावलं, टक् टक् टक् करत बारीक टोचत गेलं. माझ्या आधीच्या बाईचं झाल्यावर त्या माणसाने यंत्राचं पुढचं टोक बेसिनच्या नळाखाली धरलं, कापसाने पुसलं आणि माझ्याकडे वळला. मी चौथीच्या मुलांना पाकिटावरची तारीख वाचायला शिकवते. त्या खोलीत माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या डोसानंतर आईला सारखी तहान, रात्री चार-पाच वेळा उठणं. घरच्या मशीनवर शुगर ३८० निघाली. सेंटरला फोन केला तर, ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.’ आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला: सुई किती लांब होती? मी बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘मेसोथेरपीची सुई साधारण चार मिलिमीटरची असते. औषध कातडीत थोडं-थोडं सोडायचं, त्यालाच मेसोथेरपी म्हणतात. हे सरळ सांध्यात गेलंय, आणि एवढ्या लवकर आराम आणि एवढी शुगर म्हणजे बहुतेक स्टेरॉइड.’ गुडघ्यात स्टेरॉइड देणं हा रीतसर उपचार आहे, हाडांचे डॉक्टरही देतात. पण ते सांगून देतात, शुगरवाल्याला आधी सावध करतात, दोन डोसांत काही महिन्यांचं अंतर ठेवतात, कारण सारखं दिलं तर उरलीसुरली गादीही झिजते. आम्हाला मात्र दर पंधरा दिवसांनी दहा वेळा द्यायचं ठरलं होतं.

म्हणजे आईला आलेला आराम खरा होता. त्या आरामावर विश्वास ठेवूनच आम्ही पैसे भरले, आणि फसवणूक नेमकी तिथंच होती. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला एका इंजेक्शनने दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं, तर आनंदाआधी औषधाचं नाव विचारा, आणि नाव मिळेपर्यंत दुसरा डोस देऊ नका.

नंतर मी या उपचाराबद्दल मिळेल ते वाचलं. फ्रान्सचं नाव त्यांनी उगाच घेतलं नव्हतं. मिशेल पिस्तोर नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरने १९५२ मध्ये दम्याच्या एका पेशंटला शिरेतून प्रोकेन दिलं. हे भूल देण्यासाठी वापरतात ते औषध. तो पेशंट चांभारकाम करायचा आणि कित्येक वर्षांपासून बहिरा होता. दमा फारसा हलला नाही, पण त्याला थोडं ऐकू यायला लागलं. त्यावरून पिस्तोरने दुखऱ्या जागीच, कातडीत, बारीक-बारीक डोस द्यायला सुरुवात केली. १९५८ मध्ये त्याने या पद्धतीला मेसोथेरपी हे नाव दिलं आणि १९८७ मध्ये तिथल्या वैद्यक अकादमीने ती मान्य केली. त्याचा नियमच होता: थोडं, क्वचित आणि नेमक्या जागी. आमच्या पॅकेजमध्ये यातलं काय होतं? 

आता माझं. तिसऱ्या डोसानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी डाव्या गालावर हरभऱ्याएवढ्या गाठी उठल्या. आधी लाल, मग जांभळट, मग त्यातून पाणी. मी एका डॉक्टरांकडे गेले आणि खोटं बोलले. इंजेक्शन घेतल्याचं सांगितलं नाही, पुळ्या आल्यात म्हणाले. शाळेतल्या मॅडमने गोरं व्हायला सुया टोचून घेतल्या हे गावभर होईल, याची लाज वाटली. त्यांनी त्यांना जे दिसलं त्याप्रमाणे नेहमीचं अँटिबायोटिक दिलं. त्याने काही झालं नाही आणि महिना गेला. चार गाठींच्या सात झाल्या.

शेवटी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात गेले. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने गाठी बघितल्या, एका रेषेत सारख्या अंतरावर कशा आहेत ते बोटाने मोजलं आणि हळूच विचारलं, ‘ताई, इथं कुणी काही टोचलंय का?’ मला रडू आलं. तिने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यात जो जंतू निघाला तो टीबीचा नव्हे, पण त्याच्याच भावकीतला. तो मातीत, नळाच्या पाण्यात राहतो, क्लोरीनलाही सहज मरत नाही. न उकळलेल्या, नळाखाली धुतलेल्या सुईतून कातडीखाली गेला की काही आठवडे गप्प बसतो आणि मग गाठी येतात. नेहमीची अँटिबायोटिक्स त्याला लागू पडत नाहीत. मला क्लॅरिथ्रोमायसिन आणि सोबत दुसरं एक औषध मिळून पाच महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. गाठी गेल्या. सात खड्डे राहिले, वांगही तिथंच आहे.

सेंटरकडे मी आम्हा दोघींचे उपचाराचे कागद लेखी मागितले. पेशंटने मागितले की डॉक्टरने ते ७२ तासांत द्यायचे असतात, २००२ पासून तसा नियम आहे. मिळालं काय, तर ‘ब्युटी अँड वेलनेस सर्व्हिस’ लिहिलेली पावती. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरचं नाव घातलं, निघालं नाही. ते प्रमाणपत्र कुठल्याशा कॉस्मेटॉलॉजी कोर्सचं होतं. ही दोन मिनिटांची तपासणी मी पैसे भरायच्या आधी करू शकले असते.

ज्यांचं असंच झालंय त्यांच्यासाठी: पावती, मेसेज, व्हिडिओ, गाठींचे फोटो, शुगरचे आकडे, काही पुसून टाकू नका. सेंटरला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलकडे जायचं. नसेल तर १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली तो गुन्हा आहे, पोलिसात द्या. मी आयोगात आणि पोलिसात दोन्हीकडे दिलंय. दरम्यान सेंटरने जागा बदलली, व्हिडिओ अजून फिरतोय.

आई आता सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकायला जाते, शुगर आटोक्यात आली की ऑपरेशनची तारीख घेणार आहोत. तिला माझ्यावर राग नाही, पण त्या पट्टीचा विषय निघाला की ती गप्प होते.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी लिहितेय. ज्यांनी अशा सुया आधीच घेतल्या आहेत, चेहऱ्यावर, हनुवटीखाली, पोटावर, कुठंही, त्यांनी पुढचे दोन-तीन महिने ती जागा रोज हाताने चाचपून बघा. गाठ लागली तर पिळू नका, मेडिकलवरून मलम आणू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन पहिल्या वाक्यात सांगा की इथं इंजेक्शन घेतलं होतं आणि कोणत्या तारखेला. मी ते वाक्य महिनाभर उशिरा बोलले.