इंग्रजीचा क्लास मराठीत विकला, कर्ज मात्र इंग्रजीत दिलं

इंग्रजी सुधारण्याचा ऑनलाइन क्लास, सोबत नोकरीची हमी आणि फी 'सोप्या हप्त्यांत', असं एकाच जाहिरातीत दिसलं तर सगळ्यात आधी ते हप्ते कोण देतंय ते बघा. माझ्या धाकट्या भावाला जे विकलं गेलं ते खरं तर कर्ज होतं. इंग्रजी त्याच्यावर सोडलेली फोडणी.

आम्ही घणसोलीला सिम्प्लेक्समध्ये राहतो. वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. भाऊ मराठी शाळेतून शिकला, पुढे वाशीच्या कॉलेजातून बीकॉम झाला. टॅली येतं, एक्सेल चांगलं येतं, ईमेल लिहितो. बोलायची वेळ आली की मात्र अडतो. ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये किंवा महाप्याला वॉक-इनला गेला की पहिल्या राउंडला 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर गाडी तिथेच थांबायची. घरी येऊन सांगायचा, "ताई, मला सगळं कळतं गं, पण तोंडातून निघत नाही." आमच्या भागातल्या निम्म्या पोरांची हीच तक्रार आहे, आणि नेमकी तीच या लोकांना पाठ असते.

मोबाइलवर रील दिसली, त्याने फॉर्म भरला आणि चहा गार व्हायच्या आत फोन आला. बोलणारी काउन्सेलर शुद्ध मराठीत बोलत होती, पावलोपावली 'सर' म्हणत होती. आधी एक मोफत टेस्ट. निकाल लगेच: तुमची लेव्हल ए-टू, कंपन्यांना बी-टू लागते. (नंतर मी तीच टेस्ट दिली. माझ्या ऑफिसातल्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मैत्रिणीलाही द्यायला लावली. आम्हा दोघींचीही लेव्हल ए-टूच निघाली.) मग तिने घरची चौकशी केली. वडील काय करतात, आई काय करते, घर भाड्याचं की स्वतःचं. भावाला वाटलं, आपुलकीने विचारतेय. शेवटी म्हणाली, "बाबांनी आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या ना सर, तुम्हालाही तेच करायचंय का?" हे वाक्य त्याने मला सांगितलं तेव्हा माझा जीव जळला. माथाडी बापाच्या मुलाला काय टोचतं हे शिकवून बसवलेली माणसं आहेत ही.

फी चौसष्ट हजार. आज रात्री बारापर्यंत घेतलं तर ४२,०००. तेही एकरकमी नको, महिन्याला ३,५०० असे बारा हप्ते, 'नो कॉस्ट'. लिंक आली. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. काउन्सेलर फोनवरच होती. "हे फक्त व्हेरिफिकेशन आहे सर, यस-यस करत जा." त्या यस-यसमध्ये एका तिसऱ्याच फायनान्स कंपनीचा कर्ज करार होता आणि खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, म्हणजे नॅच मँडेट, हेही होतं. भावाच्या खात्यात एक रुपया आला नाही, पैसे थेट क्लासकडे गेले. अशा ठरावीक कामासाठीच्या कर्जात पैसे परस्पर विक्रेत्याला द्यायला रिझर्व्ह बँकेचे नियम परवानगी देतात, त्यामुळे त्यात बेकायदा असं काही दिसत नाही. आणि म्हणूनच कर्ज घेतल्याचं माणसाला जाणवतही नाही. करार नंतर ईमेलवर आला, पानंच्या पानं, सगळा इंग्रजीत. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून क्लास विकला, त्याच्याकडून इंग्रजी करारावर सही घेतली.

क्लासबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिला आठवडा लाइव्ह होता आणि खरंच बरा होता, तो तसा ठेवावाच लागतो. पुढे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शंभराच्या वर पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येकाने आपला ऑडिओ टाकायचा, 'मेंटॉर' त्याखाली अंगठा दाखवणार. बोलायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासात बोलायला मिळतच नव्हतं.

'९० दिवसांत फ्लुएंट' या दाव्याचं गणित मी मांडून बघितलं. ए-टू, बी-टू या पायऱ्या युरोपात ठरलेल्या आहेत, जगभर वापरतात. केंब्रिजचा ढोबळ अंदाज असा की, अगदी सुरुवातीपासून धरलं तर ए-टूपर्यंत यायला १८० ते २०० तासांचं शिक्षण लागतं आणि बी-टूपर्यंत ५०० ते ६००. म्हणजे ए-टूवरून बी-टूला जायला निदान तीनशे तास. रोज एक तास धरला तर नव्वद दिवसांचे होतात नव्वद. त्यातले निम्मे तर दुसऱ्यांचे ऑडिओ ऐकण्यात जायचे.

आता नोकरीची हमी. 'प्लेसमेंट टीम'ने ऐरोलीच्या एका कंपनीचा पत्ता आणि वेळ पाठवली. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तिथे कुणीही यावं अशी उघडी वॉक-इन होती. त्याचं नाव कुणी पाठवलेलं नव्हतं, त्या क्लासचं नावही एचआरच्या मॅडमने ऐकलेलं नव्हतं. त्या भल्या बाईने आलाच आहात तर बसा म्हटलं आणि जाताना एक गोष्ट सांगितली, जी मला सगळ्या पोरांपर्यंत पोचवायची आहे. व्हॉइस प्रोसेसला, म्हणजे फोनवर ग्राहकांशी बोलायच्या कामाला, माणूस घेतल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्या उच्चारांचं आणि बोलण्याचं ट्रेनिंग स्वतःच देतात, तेही पगार चालू असताना. त्यांना ऑक्सफर्डचा उच्चार नको असतो. समोरच्याचं ऐकून, न घाबरता, समजेल असं उत्तर देणारा माणूस हवा असतो.

फी परत मागितली तेव्हा अटी बाहेर आल्या. हमी लागू व्हायची तर ८५ टक्के हजेरी, तीही कॅमेरा चालू ठेवून. प्रत्येक असाइनमेंट वेळेत. त्यांच्याच मॉक इंटरव्ह्यूत पास. त्यांनी सांगितलेला एकही इंटरव्ह्यू चुकवायचा नाही. आणि कोर्स संपल्यापासून सात दिवसांत ईमेलने मागणी. व्हिडिओ बघताना कॅमेरा कुठला चालू ठेवणार? पण हजेरी मोजणारेही तेच. त्यानंतर काउन्सेलरचा फोन लागेना, ॲप उघडेना. ३,५०० मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापले जात होते.

मी महाप्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, म्हणून कागद माझ्याकडे आले. फायनान्स कंपनीला लिहिलं की सेवा मिळालेली नाही, हप्ते थांबवा. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: क्लासशी तुमचा व्यवहार वेगळा, आमचं कर्ज वेगळं. सगळी मेख इथेच आहे. क्लासवाला पहिल्याच दिवशी पैसे घेऊन मोकळा होतो, त्याला शिकवायची गरजच उरत नाही.

अशा वेळी ग्रुपवर हमखास सल्ला येतो, 'खातं रिकामं ठेव, हप्ता बाउन्स होऊ दे.' तसं करू नका. बँक बाउन्सचे पैसे लावते, कर्जवाला वर दंड लावतो, आणि मँडेट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली कारवाई होऊ शकते, वसुलीवाले याचीच भीती घालतात. शिवाय सिबिल, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो याची नोंद, बिघडतं. सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस जी जाहिरात काढते त्यात क्रेडिट इतिहास चांगला असण्याची अट असते. माझा भाऊ त्याच परीक्षेचा अभ्यास करतोय. नोकरीसाठी घेतलेल्या क्लासने नोकरीच घालवली असती. वसुलीचे फोन येतच असतील तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेवढं त्यांना सुनवा.

आम्ही हप्ते भरत राहिलो आणि भांडण कागदावर सुरू केलं. आमच्या हातात सगळ्यात धारदार कागद सापडला तो भाषेचा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांत 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणून एक तक्ता द्यावा लागतो. त्यात खरा व्याजदर, सगळे आकार, हप्ते येतात. आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. फायनान्स कंपनीला विचारलं, मराठीतला तक्ता दाखवा. तीस दिवस उत्तर आलं नाही. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. ती केली आहे.

ज्यांनी आज-कालच लिंकवर यस-यस केलंय त्यांनी धावपळ करा. डिजिटल कर्जाला माघारीची मुदत असते, निदान एक दिवसाची. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. अडचण एवढीच की मुद्दल क्लासच्या खात्यात असतं, म्हणून दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहा.

क्लासविरुद्ध आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. तक्रारीत आम्ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना जोडल्या. कोचिंगवाल्यांनी नोकरीच्या हमीचे खोटे दावे करू नयेत असं त्यात स्पष्ट आहे. १९३० हा सायबरचा नंबर खात्यातून पैसे चोरीला गेले की लगेच लावायचा असतो. आमचे पैसे ओटीपी देऊन गेलेले, म्हणून आम्ही ग्राहक आयोगाची वाट धरली.

पैसे अजून परत आलेले नाहीत. भाऊ सध्या रबाळ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलिंगला आहे. इंग्रजीसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिलचं मोफत साहित्य वापरतो आणि रात्री जेवल्यावर माझ्याशी अर्धा तास इंग्रजीत भांडतो. आईला त्यातलं काही कळत नाही, पण ती मधूनच 'यस यस' म्हणते.

त्या ग्रुपमध्ये जे कुणी होते त्यांना विनंती: ग्रुपमधून बाहेर पडू नका, आधी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ॲडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो, आणि आमच्या ग्रुपमध्ये हमीचे मेसेज पुसायला सुरुवात झाली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, काउन्सेलरच्या कॉलचं रेकॉर्डिंग, कर्जाचा करार, हप्ते कापल्याचं बँक स्टेटमेंट, एवढं ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाकावी.