फ्लॉवर गर्लचा फ्रॉक: नेट घ्यावं की हकोबा?

आमच्या वसईत नाताळ सरला की उपवासकाळ लागेपर्यंत आणि ईस्टरनंतर थेट पावसापर्यंत लग्नं सुरू असतात. घरात लग्न ठरलं की नवरीच्या गाऊनपाठोपाठ फ्लॉवर गर्लच्या, म्हणजे नवरीपुढे फुलांची टोपली घेऊन चालणाऱ्या छोट्या मुलीच्या, फ्रॉकचा विषय निघतो, आणि मशीन आमच्याकडे असल्यामुळे तो माझ्याकडे येतो. असे दोन फ्रॉक मी शिवले. मोठ्या भाचीला साटीनवर नेट आणि आतून घेर फुगवणारा कडक जाळीचा कॅनकॅन, धाकटीला पांढरा कॉटन हकोबा, म्हणजे भोकाभोकांच्या भरतकामाचं कापड. शिवले तेव्हा दोघी पाचच वर्षांच्या होत्या, म्हणून तुलना करते आहे.

दिसण्यात नेट पुढे, हे मान्य करायलाच हवं. हातात फुलांची टोपली घेऊन मुलगी चर्चमध्ये चालत येते तेव्हा तो घेर तिच्याबरोबर डोलतो. शिवायलाही वाटतं तितकं अवघड नाही, कारण नेटच्या कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, खालून दुमडायची गरज पडत नाही. जपावं लागतं ते साटीनला. उसवून पुन्हा शिवलं की आधीच्या टाक्यांची भोकं दिसत राहतात. आधी जुन्या चादरीतून वरचा भाग शिवून मुलीच्या अंगावर बघितलेला बरा.

माझं मन फिरलं ते कमरेपाशी. अस्तर, साटीन, नेट आणि कॅनकॅनच्या चुण्या, सगळं त्या एका शिलाईत येतं. आतली कड मी ओव्हरलॉक केली, वरून साटीनची पट्टीही लावली. घरी पाच मिनिटं घालून बघितला तेव्हा पोर खूश होती. पण लग्नाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तासाभराची. बायबलची वाचनं संपायच्या आत तिचा हात कमरेशी जायला लागला. नवरा-नवरी वचनं देत होते आणि ती टोपली खाली ठेवून दोन्ही हातांनी फ्रॉक वर ओढत होती. गुडघे टेकल्यावर तर कॅनकॅन आणखी वर दाबला गेला. "मावशी, टोचतं गं," एवढंच म्हणाली. रात्री फ्रॉक काढला तर कमरेभोवती लाल वळ. तो वळ मी विसरू शकलेले नाही.

कदाचित माझी पट्टी कमी पडली असेल. नेटच हवं असेल तर कॅनकॅन कमरेच्या शिलाईत घेऊच नका. अस्तरावर चार बोटं खाली, बाहेरच्या बाजूने जोडा. कड अस्तर आणि साटीनच्या मध्ये राहते, अंगाला लागत नाही. फुगीरपणा थोडा खाली सरकतो, तेवढं चालतं.

हकोबाची तयारी वेगळी. कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडतं. नक्षीदार काठाचा हकोबा घेतलात तर काठ खाली येईल असा घेर कापा. खालची दुमड वाचते. मात्र उंची नंतर खालून वाढवता येत नाही, म्हणून दोन इंच कापड कमरेत आत दाबून ठेवा. मला दोन मीटर पुरला. भोकांमुळे अस्तर लागतंच, त्याला मलमल घ्या.

उणी बाजू आहेच. हकोबा चुरगळतो. गाडीत मुलीला घरच्या कपड्यांत बसवा आणि फ्रॉक हँगरला लावून न्या. घेरही नेटसारखा उभा राहत नाही. आत झालरीचा सुती पेटिकोट दिला की बराचसा भरतो. आणि रंग! नवरीचा गाऊन मोतिया असेल तर पांढराशुभ्र हकोबा शेजारी डोळ्यांत भरतो. मुंबईत मंगलदास मार्केटला कापड घ्यायला जाताना गाऊनच्या कापडाचा तुकडा सोबत ठेवा आणि दुकानाच्या बाहेर, उजेडात ताडून बघा.

धाकटी मे महिन्यातल्या एका लग्नात सकाळच्या मिस्सापासून रात्री मांडवात झोप लागेपर्यंत त्याच फ्रॉकमध्ये होती. एकदाही ओढला नाही. पुढच्या रविवारी तोच घालायचा म्हणून हटून बसली.

लग्न जानेवारीतलं, हॉल थंड आणि मुलगी सात-आठ वर्षांची असेल तर नेटला माझी ना नाही. चार-पाच वर्षांच्या लेकरासाठी मात्र मी पुन्हा हकोबाच घेईन. काहीही शिवा, पण फ्रॉक उलटा करून कमरेची शिलाई आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून थोडा वेळ तशीच धरा आणि मगच मुलीला घाला.