बीडीडीसाठी फ्लुओक्सेटीन: ठाण्यातून 15 महिन्यांचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली सांगते. फेसवॉशचे आणि हेअर ऑइलचे रिव्ह्यू ढीगभर मिळतात, पण ही गोळी ह्या आजारासाठी घेतलेल्या कोणाचा मराठीतला अनुभव मला तेव्हा शोधून सापडला नव्हता, रात्री अडीच-अडीचला बाथरूमचं दार लावून मोबाईलवर शोधत बसायचे, म्हणून लिहितेय.

आधी आजाराबद्दल. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, बीडीडी. दिसण्यातला एखादा दोष, जो बाकीच्यांना दिसत नाही किंवा अगदीच किरकोळ वाटतो, तो आपल्याला एवढा मोठा वाटतो की दिवसातले कितीतरी तास त्यातच जातात. माझं नाक. मधोमध जरासा उंचवटा आहे, दहावीनंतर कधीतरी तो डोक्यात शिरला तो निघालाच नाही, आणि आता मी 31 वर्षांची आहे. सकाळी आरशासमोर पाऊण तास, मग ठाण्याहून ऐरोलीला जाताना ट्रेनच्या काचेत, संध्याकाळी परतताना तर जास्तच कारण बाहेर काळोख झाला की खिडकीचा आरसाच होतो, ऑफिसच्या लिफ्टचं स्टील, समोरच्याचा गॉगल, काहीही चालायचं. अंगठा आणि बोटाने नाकाचं हाड चाचपत राहायचे, दुखायला लागेपर्यंत. आणि आईला विचारणं, "आज जास्त दिसतंय का गं?" ती बिचारी दर वेळी म्हणायची, "अगं छान आहे नाक, तुझ्या आत्यासारखं आहे," पाच मिनिटं बरं वाटायचं की परत तेच. हे असं सारखं विचारणं पण आजाराचाच भाग असतो हे मला खूप उशिरा कळलं, आईला पण.

मध्ये घोडबंदर रोडच्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये जाऊन फिलर, म्हणजे नाकाचा आकार भरून काढणारं इंजेक्शन, करून घेतलं. क्लिनिकचं नाव देत नाही. वीस मिनिटं बोलणं झालं, लॅपटॉपवर माझा फोटो उभा-आडवा फिरवून दाखवला, पण दिवसातला किती वेळ तू ह्याचा विचार करतेस हे एकानेही विचारलं नाही. तो एक प्रश्न विचारला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती. फिलरनंतर तीन आठवडे हवेत होते, मग उंचवट्याचं टेन्शन जाऊन नाकपुड्या रुंद वाटायला लागल्या. बीडीडीत हे कॉमन आहे, कॉस्मेटिक उपचारांनी बहुतेकांचा हा त्रास कमी होत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनी सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं. आता ठाण्यात राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको, "ह्याला ठाण्याला पाठवा" हे आख्ख्या महाराष्ट्रात बोललं जातं, 1901 पासून मनोरुग्णालय आहे आपल्याकडे, त्यामुळे बाबा दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः स्कूटर काढली आणि म्हणाले, चल, सोडतो.

डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावलं ते असं की बीडीडी हा ओसीडीच्या, म्हणजे नको असलेले तेच ते विचार आणि त्याच त्या कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या, घरातला आजार आहे. 2013 साली अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-5 ह्या मानसिक आजारांच्या पुस्तकात तो ओसीडीच्या गटात गेला, आणि तसा तो जुनाच, 19व्या शतकाच्या शेवटी मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरने त्याचं वर्णन केलेलं आहे. हे ऐकून मला खरंच रडू आलं. एवढी वर्षं वाटायचं की मी उथळ आहे, नटव्या स्वभावाची आहे.

आता गोळी. फ्लुओक्सेटीन हे एसएसआरआय प्रकारचं औषध, मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतं. डिप्रेशनचं म्हणून ओळखतात पण ओसीडीतही वापरतात. नेटवर नाव टाकलं तर डिप्रेशन, ओसीडी, पॅनिक, बुलिमिया असं सगळं येतं, बीडीडी येत नाही, मी घाबरून डॉक्टरांना फोन केला की चुकीची गोळी दिली का. तर ते म्हणाले, अमेरिकेच्या एफडीएने खास बीडीडीसाठी म्हणून कुठलंच औषध मंजूर केलेलं नाही, पण अभ्यास आहेत. 2002 मध्ये 67 जणांवर झालेल्या अभ्यासात 12 आठवड्यांनी फ्लुओक्सेटीनवाल्यांपैकी साधारण निम्म्यांना फरक पडला होता आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत पाचातल्या जेमतेम एकाला. इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या 2005 च्या मार्गदर्शनातही बीडीडीसाठी एसएसआरआयमध्ये पहिलं नाव फ्लुओक्सेटीनचंच आहे. म्हणजे त्या अभ्यासातल्या निम्म्यांना फरक पडला नाही हेही त्यातच आलं, आणि ते डॉक्टरांनी लपवलं नाही ह्याचंच मला जास्त बरं वाटलं. ह्या गोळीने नाही झालं तर दुसरा एसएसआरआय देऊन बघतात, क्लोमिप्रामीन नावाचं जुनं औषध पण आहे.

जुलैत 20 मिलिग्रॅमवर सुरू केली, सकाळी नाश्त्यानंतर. पहिला आठवडा वाईट. मळमळ, पोह्याचा वाससुद्धा नको, रात्री झोप नाही, आतून कोणीतरी मोटार लावल्यासारखी थरथर. आठ-दहा दिवसांत मळमळ गेली. तीन आठवड्यांनी 40, आठव्या आठवड्याला 60. बीडीडीत डिप्रेशनपेक्षा बरेचदा जास्त डोस लागतो, पण हे आकडे माझे आहेत, माझ्या डॉक्टरांनी मला बघून ठरवलेले, कृपया कोणी वाचून स्वतःचा डोस वाढवू नका. आणि 25 च्या आतल्या मुलामुलींनी घेतली तर सुरुवातीला आणि डोस बदलताना घरच्यांनी नीट लक्ष ठेवायचं, कारण त्या वयात जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात अशी ताकीद ह्या औषधांवर आहे. बीडीडीत तसे विचार औषधाशिवायही येतात, मला आलेत. तेव्हा कोणाला सांगावं कळत नव्हतं, आता टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण चालतो.

एक स्टार कापला तो इथे. सातव्या आठवड्यापर्यंत शून्य फरक. काहीच नाही. मी गोळी सोडणार होते, स्ट्रिप डस्टबिनमध्ये टाकून परत उचलली आहे. 12 ते 16 आठवडे आणि त्यातले काही पूर्ण डोसवर, एवढं दिल्याशिवाय गोळी चालली की नाही ते कळत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं पण कागदावर लिहून द्यायला हवं होतं, मोठ्या अक्षरात. दुसरं म्हणजे लैंगिक इच्छा कमी होणं. ह्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही, मी पण चार महिने नाही बोलले, विचारल्यावर कळलं की ह्या औषधांत हे खूप जणांना होतं आणि त्यावर करण्यासारखं असतं. विचारा, लाजू नका.

फरक कळला तो नवरात्रात. ऑफिसमध्ये नऊ दिवस नऊ रंग, रोज ग्रुप फोटो, आणि दर वर्षी फोन माझ्या हातात, कारण फोटो काढणारा फोटोत नसतो. त्या वर्षी पिवळ्याच्या दिवशी शेजारच्या टीममधल्या ताईंनी मला ओढून मधे उभं केलं, सिक्युरिटीच्या काकांनी फोटो काढला, आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो, काम केलं, मी ट्रेन पकडली, आणि ऐरोली सुटल्यावर लक्षात आलं की मी तो फोटो बघायला मागितलाच नाही. आधी असतं तर झूम करून करून बघितला असता आणि ग्रुपवर टाकू नका म्हणून पाया पडले असते. नाक आवडायला लागलं असं नाही झालेलं, आजही नाही आवडत. विचार येतो, पण पूर्वी तो मानगुटीवर बसायचा, आता येतो आणि थोडा वेळ बसून जातो.

गोळीबरोबर सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, चालू होती हे सांगायला हवं, सगळं श्रेय गोळीला देणं बरोबर नाही. आरशाची वेळ ठरवून घेणं, नाकाला हात न लावणं, ओढणीने नाक न झाकता राम मारुती रोडवरून एक चक्कर. पण खरं सांगते, गोळीआधी हे करायला घेतलं तेव्हा गोखले रोडच्या सिग्नलवरून रडत परत आले होते. गोळीने ती धार बोथट केली म्हणून पुढचं जमलं.

केमिस्टबद्दल एवढंच. घराजवळच्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने चारचौघांत मोठ्याने "डिप्रेशनची गोळी ना?" विचारलं, तिथे परत गेले नाही. जनऔषधीमधून जेनेरिक घेते, महिन्याचा खर्च माझ्या पूर्वीच्या एका फेशियलपेक्षा कमी येतो. चिठ्ठी लागतेच, आणि दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू असतील, साधी पेनकिलर का असेना, आधी सांगायचं. सवय लागते का असं आत्या तीन वेळा विचारून गेली. दारूसारखं व्यसन लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायची नाही, त्रास होतो, आणि आजार उलटू शकतो.

गोळी किती दिवस, हे बाबांनी मागच्या वेळी विचारलं. बरं वाटायला लागल्यापासून निदान वर्षभर, असं डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू केल्यापासून नाही. म्हणजे माझं वर्ष त्या पिवळ्या साडीपासून मोजायचं, ते आत्ता पूर्ण झालं. पुढच्या बुधवारची अपॉइंटमेंट आहे, 60 चे 40 करायचे का ते विचारायचंय, आणि नाही म्हणाले तरी चालेल मला.