रात्री अंगाची लाही होणाऱ्यांसाठी गादी: लॅटेक्सवर नऊ महिने झोपल्यानंतर

मार्चमध्ये गादी घेतली. अकोल्याचा अख्खा उन्हाळा, त्यानंतरचा दमट पावसाळा, ऑक्टोबरची काहिली आणि आता डिसेंबरची थंडी असे सगळे ऋतू तिच्यावर काढून झाले, म्हणून आता लिहिते आहे. दुकानात दहा मिनिटं आडवं होऊन गादी कळत नाही, हे मी पैसे घालवून शिकले.

माझं वय ४९. दोन वर्षांपासून रात्री दोन-अडीचला छातीपासून मानेपर्यंत एकदम गरम वाफ चढते, घामाने गाऊन ओला होतो आणि मग दहा मिनिटांत थंडी वाजायला लागते. पाळी जाण्याच्या वयात हे होतं, हे माहीत होतं. तरी आधी डॉक्टरांकडे गेले, थायरॉइड आणि साखर तपासून घेतली. तुम्हालाही रात्री असा घाम येत असेल तर गादीच्या आधी तेच करा. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खाली आग ओकत राहतो. खिडकीला कूलर आहे, एसी नाही.

त्यात आमच्याकडे होती मेमरी फोमची गादी, वर ‘कूल जेल’ लिहिलेली. घेतली तेव्हा हात लावला की खरंच गार लागायची. पण तो गारवा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांचा. जेल अंगाची उष्णता शोषून घेतं, एकदा तेच तापलं की संपलं. त्यातून मेमरी फोम अंगाच्या उबेनेच मऊ होतो. आपण त्यात रुततो, पाठीला आणि कमरेला तो चहूबाजूंनी बिलगतो आणि तिथे हवा शिरायला वाट राहत नाही. एकदा रात्री उठले आणि चादरीखाली हात घालून पाहिलं. माझी पाठ होती तिथे नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी ऊब होती, आणि पाणी पिऊन परत आले तरी ती तशीच. पंखा आणि कूलर पोटावरचा घाम सुकवतात, पण पाठीपर्यंत त्यांचा वारा पोहोचतच नाही. पाठीचं काय ते गादीनेच पाहायचं असतं, हे मला त्या रात्री उमगलं.

पुढच्या आठवड्यात असह्य झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, इथे माझ्याजवळ टेक खाली.” त्यांची जमिनीवरची कापसाची गादी, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली, जाड टाके घातलेली. त्या रात्री मी सहापर्यंत झोपले. वाफ आली, पण घाम कापसात जिरला आणि पाठ चिकटली नाही. मग कापूसच का नाही घेतला? माझी कंबर. कापूस वर्ष-दोन वर्षांत दबतो, गोळे होतात, पुन्हा पिंजून घ्यावा लागतो, आणि आता दारात येऊन पिंजून देणारा माणूस आमच्या भागात फिरकत नाही. ज्यांची कंबर ठणठणीत आहे त्यांनी मात्र कापसाची गादी जरूर घ्यावी. उकाड्याला तिच्यासारखी स्वस्त आणि सरळ गोष्ट नाही.

काथ्याची गादी पाहिली. हवा छान खेळते, पण मला टणक वाटली. पॉकेट स्प्रिंगच्या, म्हणजे कापडी खिशांत एकेक स्प्रिंग बसवलेल्या गादीच्या आत मोकळी जागा असते, त्यामुळे तीही चालली असती; पण दाखवलेल्या प्रत्येकीवर दोन-अडीच इंच मेमरी फोमचा थर होता, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. शेवटी लॅटेक्स ठरलं. हे रबराच्या चिकापासून बनतं आणि त्याला वरून खालपर्यंत बारीक भोकं असतात. ते दबतं, पण अंगाला बिलगत नाही, लगेच वर उचलतं. एका दुकानात ‘लॅटेक्स’ म्हणून दाखवलेल्या गादीची चेन मी उघडायला लावली, तर वर एक इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम. चेन उघडून दाखवत नसतील तर तिथून उठा. आम्ही ७८ बाय ६० इंचांची, सहा इंच जाडीची, पूर्ण लॅटेक्सची घेतली.

आणि पहिले दोन आठवडे मी पुन्हा घामाघूम! रडूच यायचं बाकी होतं. मग लक्षात आलं की जुन्या गादीवरचं वॉटरप्रूफ कव्हर मी सवयीने हिच्यावरही चढवलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. पाणी अडवतो तसाच तो हवाही अडवतो. ते काढून साधं सुती, धुता येणारं कव्हर घातलं आणि त्याच रात्री फरक पडला. मायक्रोफायबरच्या गुळगुळीत चादरीही बाजूला ठेवल्या, साध्या विणीच्या सुती चादरी आणल्या.

दुसरं काम पलंगाचं. आमचा बॉक्सचा पलंग, वर सपाट प्लायवुड. जुनी गादी उचलली तेव्हा प्लायवर मधोमध ओलसर डाग आणि पांढरी बुरशी दिसली. सुताराला बोलावून प्लाय काढून लाकडी पट्ट्या ठोकून घेतल्या, मध्ये दोन इंचांच्या फटी. त्याहून जास्त फट ठेवू नका, लॅटेक्स जड असतं, खाली झोळ येतो. हे म्हणत होते, “एवढा खर्च कशाला?” जुलैत त्यांनी स्वतःच पट्ट्यांखाली हात घालून पाहिलं, लाकूड कोरडं होतं.

खरी परीक्षा मेमध्ये नाही, जुलै-ऑगस्टमध्ये झाली. कोरड्या हवेत कूलर साथ देतो. पावसाळ्यात हवा आधीच ओली, कूलर लावला की आणखी चिकचिक, घाम वाळतच नाही. जुनी गादी होती तेव्हा मी या दिवसांत ती सोडून फरशीवर झोपायचे. यंदा एकही रात्र फरशीवर काढली नाही. वाफ अजून येते, गादीने ती थांबत नाही. पण पूर्वी उठून गाऊन बदलून पुन्हा झोप लागायला तास जायचा. आता कूस बदलते, पाठीखालची जागा पाच मिनिटांत निवते, आणि बहुतेक वेळा डोळा लागतो.

उणिवाही आहेत. पहिले आठ-दहा दिवस नव्या फुग्यासारखा रबराचा वास होता. वजन इतकं की डोकं-पाय फिरवायला आम्ही दोघं आणि शेजारचा मुलगा लागतो. मी कूस बदलली की ह्यांना हलकासा हिसका जाणवतो. आणि लॅटेक्सला ऊन चालत नाही, रबर कडक होऊन भुगा पडू लागतो. सासूबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत आपल्या गादीबरोबर तीही गच्चीवर टाकायला काढली होती, वेळेवर थांबवलं. मे महिन्यात वीज गेली की मात्र कुठलीच गादी कामाची नाही, ती रात्र गच्चीवरच काढावी लागते.

थंडीत ह्यांना पाठीला गार लागायला लागलं. त्यांच्या अर्ध्या बाजूला चादरीखाली आईने शिवलेली गोधडी अंथरली आहे, माझी बाजू तशीच मोकळी.

उशी अजून जुन्या फोमचीच आहे आणि मान रोज ओली होते. सावरीच्या कापसाच्या दोन उशा भरून द्यायला एका बाईंना सांगून ठेवलं आहे. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की त्या देणार आहेत.