कलरचेकर पासपोर्ट फोटो २: गॅलरीला चित्रांचे फोटो पाठवणाऱ्यांसाठी

गॅलरीत निवड करणारे आधी फोटो पाहतात, चित्र नंतर. एकाच मालिकेतली दहा चित्रं, त्यांतली पाच पिवळट आणि पाच निळसर आली, तर मालिका म्हणून ती उभीच राहत नाहीत. निवड होऊन प्रत्यक्ष चित्र पोचलं आणि फोटोतला लाल त्यात सापडला नाही, तर ते त्याहून वाईट. कॅलिब्राइट कंपनीचं हे छोटं साधन, म्हणजे फोटोतले रंग पडताळायच्या पाट्यांची डबी, नेमक्या याच दुखण्यावर आहे आणि त्यावर ते उत्तम काम करतं.

खिशात मावणारी प्लॅस्टिकची घडीची डबी, आत चार पाट्या. एक २४ रंगचौकोनांची. ही रचना १९७६ पासून वापरात आहे. दुसरी व्हाइट बॅलन्ससाठी (प्रकाश कोणत्याही छटेचा असला तरी पांढरा पांढराच यावा यासाठी) सलग करडी, तिसरी १८ टक्के करडी. चौथीवर छटा थोडी उबदार किंवा थंड करण्यासाठीचे चौकोन आहेत. माणसांच्या फोटोत त्यांचा उपयोग होतो, पण चित्राचा फोटो काढताना या पाटीला हात लावू नये. इथे रंग खुलवायचा नाही, आहे तसा पोचवायचा आहे.

पाटीचा उपयोग व्हायचा तर प्रकाश आधी नीट हवा. एकाच प्रकारचे दोन दिवे, सीआरआय (दिव्याच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, १०० पैकी) ९५ किंवा वर, चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर. खोलीतले बाकी दिवे बंद, पडदे ओढलेले. सर्वाधिक फोटो बिघडतात ते इथेच: एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने बल्ब असेल, तर कॅनव्हासची डावी कड एका रंगाची आणि उजवी दुसऱ्या रंगाची येते. एक पाटी एकाच प्रकाशाची दुरुस्ती करू शकते, दोन्हींची नाही. १८ टक्क्यांची करडी पाटी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये धरून एक्स्पोजर मोजावं. फरक तृतीयांश स्टॉपपेक्षा (स्टॉप म्हणजे एक्स्पोजरचं माप) जास्त आला तर दिवे मागे न्यावेत.

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स चित्राच्या बरोबर मध्यासमोर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, एक्स्पोजर मॅन्युअल आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). पहिल्या फोटोत २४ चौकोनांची पाटी चित्राला चिकटून, त्याच प्रतलात धरावी. पुढे झुकली की तिच्यावर वेगळा प्रकाश पडतो. त्यानंतर पाटी काढून सगळी चित्रं घ्यावीत, दिवे आणि सेटिंग न हलवता.

पाटीच्या फोटोवरून प्रोफाइल, म्हणजे सगळ्या चित्रांच्या फोटोंना लावायची रंगदुरुस्तीची फाइल, बनवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. लाइटरूमचं (अ‍ॅडोबीच्या फोटो-संपादन सॉफ्टवेअरचं) प्लगइन रॉ फाइल थेट घेतं. स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये लाइटरूमसाठीचं प्रोफाइल करायचं तर आधी रॉ फाइलची डीएनजी (अ‍ॅडोबीच्या रॉ प्रकारातली फाइल) करावी लागते. प्रोफाइल तयार झाल्यावर लाइटरूम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते यादीत दिसत नाही, आणि अनेक जण इथेच साधन बिघडलंय असं समजून सोडून देतात. पांढरा चौकोन जास्त प्रकाशाने जळून गेला (फोटोत नुसता कोरा पांढरा आला) असेल तर प्रोफाइल नीट बनत नाही. तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी करून पुन्हा फोटो घ्यावा. जेपीईजीवर यातलं काहीच लागू होत नाही.

आता मर्यादा. कोबाल्ट निळा दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकालाही बराच प्रकाश परावर्तित करतो. डोळ्याला तो फारसा जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो, म्हणून फोटोत हा निळा जांभळट येतो. प्रोफाइलने तो सुधारतो, पण पूर्ण नाही. तेवढा निळा हातानेच दुरुस्त करावा लागतो. फ्लोरोसंट रंग आणि सोन्याचा वर्ख तर या साधनाच्या आवाक्याबाहेरच. तैलरंगावरची चमकही पाटी घालवत नाही. त्यासाठी दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर फिरता पोलरायझर लागतो, आणि फिल्टरचा स्वतःचा रंगही येत असल्याने प्रोफाइल फिल्टर लावूनच बनवावं.

आणखी एक, फार महत्त्वाचं: पाटी कॅमेऱ्याचा रंग सुधारते, मॉनिटरचा नाही. कॅलिब्रेट न केलेल्या (रंग मोजून जुळवून न घेतलेल्या) पडद्यावर पाहून डोळ्यांनी रंग 'ठीक' करत बसलं, तर केलेलं सगळं पुसलं जातं.

फाइल पाठवताना एसआरजीबी (पडद्यांसाठीची सर्वसाधारण रंगव्यवस्था) प्रोफाइल आत जोडलेलं हवं. अ‍ॅडोबी आरजीबीची (जास्त रंग मावणाऱ्या दुसऱ्या रंगव्यवस्थेची) फाइल प्रोफाइलशिवाय गेली की समोरच्या पडद्यावर फिकी दिसते. लांब बाजू किती पिक्सेल हवी ते गॅलरीच्या सूचनांत पाहावं. नुसतं '३०० डीपीआय' (दर इंचाला ३०० ठिपके) लिहिण्याला पिक्सेलच्या आकड्याशिवाय अर्थ नाही. पाटी, भिंत आणि फ्रेम क्रॉप करावी, पण चित्राची कड कापू नये.

फक्त कोळसा किंवा पेन्सिलीत काम करणाऱ्यांनी हे घेऊ नये, साधं करडं कार्ड पुरतं. तैलरंग, अ‍ॅक्रिलिक किंवा जलरंगात मालिका करणाऱ्यांनी जरूर घ्यावं. चौकोनांना बोट लावू नये आणि वापर झाला की डबी मिटून ठेवावी, कारण उजेडाने हे रंगही फिके पडतात.