रायफल आली नाही, ६४,८४८ रुपये मात्र गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ओटीपी कुणाला देत नाही, लॉटरीच्या मेसेजला भुलत नाही, आणि ‘आपका केवायसी बंद हो जाएगा’ म्हणणाऱ्यांना मी स्वतः झापलेलं आहे. तरीही माझे ६४,८४८ रुपये गेले. ज्यांची मुलं नेमबाजी करतात आणि जे सेकंडहँड रायफल शोधताहेत त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांना हसायचं तर हसू दे.

मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं आणि आमच्याकडच्या रेंजवर पोरांची रीघ लागली. क्लबच्या रायफली मोजक्याच. एकीच्या मापाने बसवलेला गालाचा टेकू दुसरीला जमत नाही, रोज सगळे स्क्रू फिरवत बसायचं. नवी मॅच रायफल घ्यायची तर दोन-अडीच लाखांच्या पुढे. म्हणून जुनी बघायला लागलो, आणि एक जाहिरात दिसली: वॉल्थर एलजी ४००, सोबत दाबलेल्या हवेचे दोन सिलिंडर, किंमत १,१५,०००. विकणारा फौजी, पोस्टिंग मध्य प्रदेशातलं महू.

बदली झालेला फौजी बुलेट मोटरसायकल स्वस्तात विकतो, हा फसवणुकीचा प्रकार मलाही ठाऊक आहे हो. पण लष्करी नेमबाजांचं आर्मी मार्क्समनशिप युनिट महूलाच आहे, लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणारा विजय कुमार तिथलाच. महूचा फौजी मॅच रायफल विकतोय यात संशय घ्यायचा तरी कशाचा? त्यात आम्ही साताऱ्याचे. अपशिंग्याला घरटी फौजी. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झाले. ‘जय हिंद सर’ म्हणणाऱ्याची उलटतपासणी घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि नेमकं हेच त्या हरामखोराला माहीत होतं. मी न मागता त्याने ओळखपत्र पाठवलं, वर्दीतला फोटो पाठवला. कुठल्यातरी खऱ्या जवानाची कागदपत्रं चोरलेली असणार, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. न मागता ओळखपत्र धाडणारा विक्रेता दिसला की तिथेच ब्लॉक करा.

ठरलं असं की १५,००० आगाऊ आणि उरलेले एक लाख रायफल हातात आल्यावर. आता सांगा, यात कुणाला वाटेल की फसवणूक आहे? मोठी रक्कम माझ्याकडेच राहणार होती! मग पॅकिंग आणि फोमच्या केसचे ४,८५० झाले. तेही पटलं. रायफल काही साडी नाही, पुडक्यात बांधली आणि दिली.

पैसे गेल्यावर त्याने पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला. तो व्हिडिओ मी अजून डिलीट केलेला नाही. एक माणूस, चेहरा दिसत नाही, रायफलला बबल रॅप गुंडाळतोय. सिलिंडर नळीखाली जागच्या जागी बसवलेला. सिलिंडरच्या तोंडावरचा गोल डायल कॅमेऱ्याकडे वळलेला आणि काटा २०० बारच्या जवळ. म्हणजे काठोकाठ भरलेला. आणि मागून आवाज येतो, ‘कल की फ्लाइट से निकल जाएगा सर.’

भरलेला सिलिंडर साध्या पार्सलात विमानाने जात नाही. हे मला माहीत होतं! दिल्लीच्या स्पर्धेला पोरं विमानाने गेली तेव्हा मुलीच्या कोच सरांनी आदल्या दिवशी एकेक सिलिंडर काढून रिकामा करायला लावला होता, तो फुस्स आवाज मी शेजारी उभा राहून ऐकलाय. पण व्हिडिओ बघताना मुलगी खांद्यावरून वाकून बघत होती, ‘बाबा, नेम धरायची साइटपण देताहेत!’ म्हणत होती, आणि मी नळीवर गंज आहे का ते बघत होतो. घेणारा माणूस मालच बघणार ना? डायल कोण वाचतं? रात्री अंथरुणावर पडलो की मला तो काटा दिसतो. तिथे फोन कट केला असता तर नुकसान १९,८५० वर थांबलं असतं.

दुसरी खूण पावतीची. त्याने कुरिअरची पावती पाठवली, शिक्का वगैरे सगळं व्यवस्थित, आणि वजन लिहिलंय २.४ किलो. नुसती रायफलच चारेक किलो भरते. वर केस, दुसरा सिलिंडर, खोका. शिवाय एवढ्या लांब डागाला कुरिअरवाले काट्यावरचं वजन धरतच नाहीत, आकारमानावर पैसे घेतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. १२५ बाय ३५ बाय २० चा खोका म्हणजे साडेसतरा किलो. पावतीवर कमी वजन दिसलं की समजा खोका अस्तित्वातच नाही. स्पीड पोस्टने पाठवलं म्हणाला तर नंबर मोजा: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन, आणि तो टपाल खात्याच्या साइटवर स्वतः टाकून बघा. त्याने दिलेल्या लिंकवर नाही.

मग ‘परमिट’. पार्सल अडलंय, वेपन ट्रान्झिट परमिट लागतं, १२,५०० भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. भरले. मग विमा ९,९९९. भरले. मग म्हणे दोन्ही रकमा एकदम भरायच्या होत्या, सिस्टिमने उचललं नाही, २२,४९९ एकत्र टाका, आधीचे आपोआप रिफंड होतील. तेही टाकले. गेलेल्या पैशांच्या मागे माणूस आणखी पैसे टाकतो, ज्याचे गेलेत त्यालाच हे कळेल. यूपीआयवर समोर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाइल शॉपचं. ‘कॅन्टीन का अकाउंट है सर,’ म्हणाला.

आता ऐका. साडेचार मिमी छऱ्याची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बिनपरवाना घेता येते. आपल्या मॅच रायफली साडेसात ज्यूलच्या आसपास असतात. ज्या वस्तूला लायसन्सच नाही तिला कसलं आलंय परमिट? पॉइंट टू टू सारखी खरी फायरआर्म असेल तर आर्म्स अ‍ॅक्टचा परवाना हवाच, आणि ती अशी अनोळखी माणसाकडून कुरिअरने मागवायचीच नसते.

सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तो लागला, तक्रार नोंदवली, पावती क्रमांक मिळाला. तुम्ही सकाळची वाट बघू नका, पैसे गेल्याचं कळलं त्या मिनिटाला फोन करा. पहिल्या तासाभरातच ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात. माझे ९,३१२ कुठल्यातरी खात्यात गोठवले आहेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला सांगितलं. म्हणजे वकील. त्याची फी तुम्हीच मोजा.

खरा तमाशा त्यानंतर. पोलीस ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी अर्जात ‘रायफल’ वाचलं आणि पहिला प्रश्न, ‘लायसन्स दाखवा.’ मी म्हटलं, साहेब, एअर रायफल आहे, खेळाची आहे, आणि मुळात ती माझ्याकडे आलेलीच नाही. ‘मग बंदूक कुठाय?’ अहो, तीच तर तक्रार आहे! बराच वेळ मीच आरोपी. मग म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, आधी स्थानिक ठाण्यात जा. ६४,८४८ लहान! आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि साहेब कायम बंदोबस्ताला. गुन्हा मध्य प्रदेशात घडलाय, आम्ही काय करणार, असंही एकाने ऐकवलं. नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, हद्दीचा प्रश्न येत नाही. मी छापून नेलं, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८(४), आयटी कायद्यातलं तोतयेगिरीचं ६६ड, सगळं मी त्यांना सांगायचं आणि त्यांनी चहा प्यायचा. एफआयआर अजून नाही.

बँकेत तर सरळ उत्तर: पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार अनधिकृत नाही, नियम लागू होत नाहीत. कुरिअरच्या ऑफिसात, पावती आमच्या नावाची असली तरी आमची नाही. जाहिरातीच्या साइटवर रिपोर्ट केलं, तर धन्यवादाचा मेसेज आला. सगळ्यांचे हात वर.

सर मला भरपूर बोलले, आधी का नाही विचारलंस म्हणून. खरी रायफल पाठवणारा काय करतो ते त्यांनी दाखवलं: सिलिंडर काढून, रिकामा करून वेगळा गुंडाळायचा. मागची साइट काढून तिच्या डबीत. रायफल फोमच्या कडक केसमध्ये, केस जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, नळीच्या आणि बटच्या टोकाला जादा फोम, कारण डाग आपटला की मार तिथेच बसतो. खोका हलवला तर आत काही वाजता कामा नये. यातलं एकही त्या व्हिडिओत नव्हतं. विक्रेत्याला सांगा, सिलिंडरवर कोरलेली तारीख दाखव. दहा वर्षांवरचा सिलिंडर तसाही घेऊ नका. सिरीयल नंबरशेजारी आजचं वर्तमानपत्र धरून फोटो मागा. आणि शक्यतो पार्सल नकोच. राज्य स्पर्धेला निम्मी रायफल मंडळी पुण्यात बालेवाडीला असतात, तिथे हातात घेऊन, दोन शॉट मारून घ्या.

तीच जाहिरात परवा पुन्हा लागली आहे. नाव वेगळं, आता पोस्टिंग जबलपूर, किंमत १,०५,०००. फोटो तेच: राखाडी चादरीवर रायफल, गालाच्या टेकूला निळी टेप, कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीचा पाय. मी रिपोर्ट केली आहे, तुम्हीही करा.